अंगठी सापडली नसती तर…

कालिदासाने दुष्यंताला वाचवले, असे आपल्याकडे फार पूर्वीपासून म्हटले जाते. म्हणणाऱ्याच्या स्वरात कौतुक असते आणि थोडी तक्रारही असते. व्यासांचा दुष्यंत भर दरबारात सरळसरळ खोटे बोलला होता. कालिदासाने त्या खोट्यावर दुर्वासाच्या शापाचे पांघरूण घातले. अंगठी पाण्यात पडली, माशाने गिळली, कोळ्याला सापडली आणि राजा धुतल्या तांदळासारखा होऊन बाहेर आला. आम्हांला शाळेत हे असेच शिकवले होते आणि परीक्षेत आम्ही ते असेच लिहिले. ‘अंगठी हे कशाचे प्रतीक आहे?’ या प्रश्नाला पाच गुण असत. ‘प्रेमाचे’ असे लिहिले की तीन मिळत, ‘पवित्र प्रेमाचे’ लिहिले की चार. पाचवा गुण कशाला मिळत असे, ते मला अजून समजलेले नाही.

त्या पाचव्या गुणाच्या शोधात मी शाकुंतल पुन्हापुन्हा वाचत आलो आहे, असे म्हटले तर ती थट्टा होईल. पण अगदीच थट्टा नव्हे. कारण वय वाढत गेले तसे मला वाटू लागले, की कालिदासाने दुष्यंताला वाचवलेले नाही. त्याने त्याला पूर्वीपेक्षा अधिक कठीण जागी नेऊन उभे केले आहे, आणि त्याच्या शेजारी आपल्यालाही.

आधी व्यासांची कथा आठवून पाहू. आदिपर्वात ती आहे. तेथे ना शाप आहे, ना अंगठी. शिकारीला आलेला राजा कण्वाच्या आश्रमात शिरतो. कण्व फळे आणायला गेलेले. शकुंतला एकटी. ती आपल्या जन्माची हकीकत स्वतःच्या तोंडाने, न लाजता सांगते. आणि राजा गांधर्वविवाहाची गोष्ट काढतो तेव्हा ती एक अट घालते. मला होणारा मुलगाच तुझ्यामागे गादीवर बसला पाहिजे. राजा फारसा विचार न करता ‘होय’ म्हणतो, तुला नेण्यासाठी सैन्य पाठवीन म्हणून सांगतो आणि निघून जातो. सैन्य येत नाही. मुलगा होतो, सहा वर्षांचा होतो, वाघसिंहांना झाडाला बांधू लागतो. मग कण्व मायलेकरांना हस्तिनापुरास पाठवतात. ती सभेत उभी राहून ओळख देते, तेव्हा राजाला सगळे आठवत असते, आणि आठवत असूनच तो म्हणतो, मला काही आठवत नाही. व्यासांनी हे लपवलेले नाही. एका शब्दात सांगून ते पुढे गेले आहेत.

तिथली शकुंतला रडत नाही. ती बोलते, आणि असे बोलते की आजही वाचताना आपण सावरून बसतो. तू एकटा होतास असे तुला वाटते, पण तुझ्या हृदयात बसलेला तो जुना साक्षी तुला दिसत नाही का, असे ती विचारते. एका पारड्यात हजार अश्वमेध घाल आणि दुसऱ्यात सत्य. सत्यच जड होईल, असे सांगते. दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात आणि स्वतःचे बेलफळाएवढे दिसत नाहीत, असे ती राजाच्या तोंडावर म्हणते. शेवटी आकाशवाणी होते. मग राजा मंत्र्यांकडे वळून म्हणतो, मला ठाऊकच होते. पण हिच्या नुसत्या शब्दावर मी मुलाला स्वीकारले असते तर लोकांनी संशय घेतला असता.

लोक काय म्हणतील! आपल्याकडचे किती अन्याय या एका वाक्याच्या आडोशाने झाले असतील, याची मोजदाद कोण करणार? पण नीतीच्या दृष्टीने पाहिले तर हा खटला सोपा आहे. माणसाला आठवत होते, तो खोटे बोलला, तो दोषी आहे. न्यायाधीशाला जेवणाच्या सुट्टीपूर्वी निकाल देऊन मोकळे होता येईल.

कालिदासाने हा सोपा खटला अवघड केला. त्याचा दुष्यंत खोटे बोलत नाही. त्याला खरोखरच आठवत नाही. आता सांगा, विसरलेला माणूस अपराधी आहे की नाही?

व्यवहारात आपण या प्रश्नाचे उत्तर दोन तऱ्हांनी देतो. स्वतःच्या बाबतीत ‘अहो, विसरलोच!’ म्हणून हात झटकतो. दुसऱ्याच्या बाबतीत ‘विसरतोच कसा?’ म्हणून कपाळाला आठ्या घालतो. दोन्हींत थोडेथोडे खरे आहे. आठवण ही काही हुकमाची दासी नव्हे; बोलावले म्हणून ती येत नाही. पण ती अगदी स्वतंत्रही नाही. ज्याच्याकडे आपण रोज पाहतो ते राहते, ज्याकडे पाठ फिरवतो ते पुसट होत जाते. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात अजाणतेपणाचा विचार करताना दारूड्याचा दाखला दिला आहे. नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा सांगणारे कायदे होते. कारण नशेत त्याला काही कळत नव्हते हे खरे, पण नशा करायची की नाही हे तर त्याच्या हाती होते. आपल्या गीतेनेही स्मृतिभ्रंशाला एकटे ठेवलेले नाही. विषयांचे चिंतन, आसक्ती, काम, क्रोध, संमोह अशा पायऱ्या उतरत माणूस त्या जागी पोहोचतो. म्हणजे विसरणे ही पहिली पायरी नव्हे. वरच्या पायऱ्या आपण आपल्या पायांनी उतरलेल्या असतात.

मग दुष्यंत कोणत्या पायऱ्या उतरला होता? येथे कालिदासाची खरी कमाल आहे. शापाचे पांघरूण घालणाऱ्या या कवीने त्याचा एक कोपरा जागोजाग उचलून ठेवला आहे.

अंगठीचाच इतिहास पाहा. आपण ती शकुंतलेच्या बोटात पाहतो, पण नाटकात ती प्रथम येते ती पहिल्याच अंकात, आणि एका खोट्याबरोबर येते. शकुंतला रागावून उठून जाऊ लागते तेव्हा प्रियंवदा थट्टेने तिला अडवते: दोन झाडांना पाणी घालण्याचे तुझे देणे आहे, ते फेडल्याशिवाय जाता येणार नाही. राजा पुढे होतो. हिचे हात दमले आहेत, हिचे ऋण मी फेडतो, असे म्हणून बोटातली अंगठी काढून देतो. तिच्यावर त्याचे नाव कोरलेले. मैत्रिणी ते वाचतात आणि चकित होऊन एकमेकींकडे पाहू लागतात. तेव्हा हा म्हणतो, भलते समजू नका, ही मला राजाकडून मिळालेली आहे. ज्या अंगठीने पुढे ओळख पटायची, तिचा पहिला उपयोग ओळख लपवण्यासाठी झाला! थट्टेतले खोटे ते, कोण त्याचा हिशेब ठेवणार? कालिदासाने ठेवला आहे.

दुसऱ्या अंकात आणखी एक. माधव्य विदूषकाला राजाने शकुंतलेबद्दल सगळे मन मोकळे करून सांगितलेले असते. मग त्याला राजधानीला परत पाठवायची वेळ येते, तेव्हा राजाला भीती वाटते, की हा बोलका ब्राह्मण अंतःपुरात जाऊन बडबडेल. म्हणून तो सांगतो, अरे, कुठले आश्रमातल्या मुलीचे प्रेम घेऊन बसलास! ती सगळी थट्टा होती. विदूषक बिचारा ते खरे मानतो. सहाव्या अंकात, आठवण परत आल्यावर, राजा त्याला विचारतो, तू तरी मला आठवण का दिली नाहीस? विदूषक म्हणतो, तूच म्हणालास ना की थट्टा होती म्हणून! दुर्वासाने राजाची आठवण नेली हे कबूल. पण बाहेर एक साक्षीदार उरला असता, त्याची साक्ष राजाने स्वतःच्या हाताने आधीच पुसून ठेवली होती. हे काम शापाचे नव्हते.

आणि पाचव्या अंकाच्या आरंभी पडद्यामागून येणारे ते हंसपदिकेचे गाणे. भुंगा कमळात रमला आणि आंब्याच्या मोहराला विसरला, एवढाच त्याचा आशय. राजा ऐकतो, हसतो, हिच्यावर आपण एकदा प्रेम केले होते असे विदूषकाला सांगतो आणि तिची समजूत घालायला त्यालाच पाठवून देतो. स्वतः जात नाही. या हंसपदिकेला कोणी शाप दिला नव्हता. तिला विसरायला राजाला दुर्वासाची गरज पडली नव्हती. रवींद्रनाथांनी शाकुंतलावरच्या आपल्या बंगाली निबंधात या गाण्यावर नेमके बोट ठेवले आहे: शापाने जे घडले त्याचे बीज राजाच्या स्वभावातच होते. मला वाटते, इतक्या थोड्या जागेत, तेही पडद्याआडून, एका माणसाचा सारा पूर्वेतिहास सांगणारे दुसरे गाणे रंगभूमीवर क्वचितच असेल.

प्रतीके शोधण्याचा छंद वाईट. एकदा तो जडला की कमळात काही, भुंग्यात काही, हरणात काही, असे दिसू लागते आणि नाटकातले हरीण हे आधी एक हरीण आहे हेच विसरायला होते. तरीही दीर्घापांगाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दरबारात अंगठी दाखवायला शकुंतला बोट पुढे करते, तो बोट रिकामे. शचीतीर्थाच्या पाण्याला वंदन करताना ती गळून पडलेली असते. मग ती दुसरा पुरावा देते. वेलींच्या मांडवात बसलो होतो, तुझ्या हातात कमळाच्या पानाच्या द्रोणात पाणी होते. माझे पाडस, दीर्घापांग, तेथे आले. आधी याला पिऊ दे म्हणून तू द्रोण पुढे केलास. ते तुझ्याजवळ आले नाही. मी तोच द्रोण हातात घेतला, तेव्हा ते प्याले. तू हसलास आणि म्हणालास, ज्याचा त्याचा आपल्या जातीवर विश्वास. तुम्ही दोघेही रानातलेच!

केवढा साधा पुरावा! नाव कोरलेल्या सोन्यापेक्षा हा मला शंभरपटींनी अस्सल वाटतो. अंगठी चोरता येते, खोटी घडवता येते. पण पाण्याच्या द्रोणाची ही आठवण कोण घडवील? तरी दरबारात ती चालत नाही. राजा म्हणतो, असल्या गोड खोट्या बोलण्याने विषयी माणसे भुलतात. आणि मग म्हणतो, बायका उपजतच चतुर असतात. कोकिळा नाही का आपली पिल्ले दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेत?

येथे मी दर वेळी थांबतो. न्यायाने बोलायचे तर राजाची अडचण खरी आहे. एक अनोळखी, गर्भवती स्त्री समोर उभी आहे. तिला पत्नी म्हणून घेतले आणि ती दुसऱ्याची निघाली तर परस्त्रीचा स्वीकार केल्याचे पाप. न घेतले आणि ती खरी असली तर पत्नीचा त्याग. तो पुरोहिताला हा पेच बोलूनही दाखवतो. ‘मला आठवत नाही’ एवढे तो म्हणाला असता तर त्याच्याविरुद्ध एक अक्षर लिहिण्याचे मला कारण नव्हते. पण दुर्वासाने त्याची आठवण काढून घेतली होती. त्याने त्याच्या तोंडात कोकिळा घातली नव्हती. शापाने माणूस विसरेल. विसरलेला माणूस नम्रही असू शकतो, घोटाळलेला असू शकतो, ‘बाई, माझीच काही चूक होत असेल’ असे म्हणू शकतो. सगळ्या स्त्रीजातीला लबाड म्हणण्याची घाई जी आली, ती त्याची स्वतःची. शकुंतला त्याला ‘अनार्य’ म्हणते ती नेमकी या जागी. आठवत नाही म्हटल्यावर नव्हे. कोकिळेचे नाव काढल्यावर.

आणि दोष एकट्या राजाच्या पदरात टाकून भागत नाही. शाप झाला हे अनसूया आणि प्रियंवदा या दोघींना ठाऊक होते. शकुंतला मनाने नाजूक, तिला कशाला सांगायचे, म्हणून त्यांनी ते पोटात ठेवले. निघताना फक्त म्हणाल्या, राजाला ओळख पटायला उशीर लागला तर ही अंगठी दाखव. तिच्या काळजात धस्स झाले. तर म्हणाल्या, घाबरू नकोस, माया म्हटली की नसत्या शंका येतातच. घरोघरी अशा अनसूया आणि प्रियंवदा असतात. माया करणारी, हळवी, आणि योग्य वेळी गप्प बसणारी माणसे. शकुंतलेला शाप ठाऊक असता तर शचीतीर्थावर तिने बोट मुठीत धरले नसते का?

पाचवा अंक संपतो आणि सहाव्याच्या सुरुवातीलाच एक कोळी येतो. दोर बांधलेला, शिपायांचे रट्टे खाणारा. रोहित मासा कापताना त्याच्या पोटात त्याला राजाच्या नावाची अंगठी मिळाली, ती विकायला बाजारात गेला, आणि धरला गेला. हा प्रवेश करमणुकीचा म्हणून पाहिला जातो. शिपायांची भाषा, लाच, शेवटी सगळ्यांनी मिळून दारूच्या दुकानाकडे जाणे, सगळे गमतीचेच आहे. पण दोन प्रवेश लागोपाठ ठेवून पाहा. शकुंतला खरे बोलत होती, तिच्याजवळ अंगठी नव्हती, म्हणून ती खोटी ठरली. कोळी खरे बोलत होता, त्याच्याजवळ अंगठी होती, म्हणून तो चोर ठरला! तेव्हा खोट अंगठीत नव्हती. ऐकणाऱ्याने आधीच ठरवले असले, की रानातली मुलगी आणि मासे मारणारा माणूस यांच्या शब्दाला किंमत नाही, तर पुरावा असला काय आणि नसला काय. परीक्षकांनी मला आज तो प्रश्न विचारला, तर मी लिहीन की अंगठी हे प्रेमाचे प्रतीक नाही. जेथे विश्वास संपतो तेथे ती सुरू होते. पाचवा गुण मिळेल याची खात्री नाही.

इथपर्यंत मी दुसऱ्याच्या अपराधाविषयी बोललो. ते सोपे असते. आता थोडे स्वतःविषयी.

१९६९ साली मी अकरावी पास झालो. कॉलेजात नाव घालायला पैसे कमी पडले. आमच्या घरी माझी आत्या होती. लहान वयात विधवा होऊन भावाकडे आलेली. तिच्याजवळ लग्नातली एक अंगठी होती, यजमानांनी घातलेली, अर्ध्या तोळ्याच्या आतबाहेरची. ती तिने सराफाकडे ठेवली आणि पन्नास रुपये माझ्या हातावर ठेवले. मी म्हटले, “आत्या, पहिल्या पगारात सोडवून आणतो.” ती म्हणाली, “आधी पगार तर येऊ दे.”

पगार आला. दुसरा आला, शंभरावा आला. अंगठी माझ्या मनातून गेली. गेली म्हणजे अगदी गेली. टोचणी लागली आणि मी ती दाबली, असेही नाही. मला कोणी शाप दिला नव्हता. त्याच वर्षाचे क्रिकेटचे आकडे मला पाठ होते, एका मित्राने बुडवलेले सात रुपये मला पाठ होते. वीस वर्षांनी, १९८९ मध्ये, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली आली आणि एका जुन्या वहीत सराफाची पिवळी पडलेली पावती निघाली. बायको म्हणाली, “ही कसली हो पावती?” मला मासा मिळाला होता.

त्या दिवसापासून सहावा अंक मला निराळा वाटू लागला. त्यात राजा वसंतोत्सव बंद करतो, शकुंतलेचे चित्र काढतो, चित्रातल्या भुंग्याला खरा समजून दटावतो, अंगठीला बोल लावतो, की ते कोवळे बोट सोडून तू पाण्यात पडलीसच कशी? पूर्वी मला हा विलाप लांबलेला वाटे. आता त्यातली एक गोष्ट ओळखीची वाटते: अंगठीला बोल लावणे. मीही प्रथम पावतीवरच चिडलो होतो. ही वर राहिली असती, डोळ्यांपुढे असती, तर! शिवाय तो विदूषकाला सांगतो, की निघताना मी ही अंगठी तिच्या बोटात घातली आणि म्हटले, रोज माझ्या नावाचे एक अक्षर मोज. अक्षरे संपतील तोवर तुला न्यायला माणूस येईल. दुष्यंत. अक्षरे तीन. तीन दिवसांचा वायदा होता तो. ती मात्र मोजत राहिली असेल, पुन्हा पहिल्यापासून.

पण त्या अंकात नुसता विलाप नाही, म्हणून तो मोठा आहे. मध्येच प्रधानाचा कागद येतो. धनमित्र नावाचा समुद्रावरचा व्यापारी बुडून मेला, मूलबाळ नाही, कायद्याने त्याचे धन सरकारजमा होईल. राजा विचारतो, एवढा श्रीमंत माणूस, त्याला बायका पुष्कळ असतील. त्यांच्यात कोणी गरोदर आहे का ते पाहा. आहे, असे कळते. मग ते धन त्या गर्भाचे, असा निकाल तो देतो आणि दवंडी पिटवतो, की प्रजेपैकी ज्याचा जो आप्त जाईल त्याच्या जागी, पापाचा संबंध सोडून, दुष्यंत आहे असे समजावे. ज्याने एका गर्भवतीला दारातून परत पाठवले, तो आता न पाहिलेल्या गर्भवतीची आठवण स्वतः होऊन करतो. कोणी सांगितले नाही, अंगठी दाखवली नाही. पश्चात्तापाची माझ्या माहितीतली ही सर्वांत चांगली खूण आहे. अश्रू आणि चित्रे त्याच्यापुढे फिकी.

सातव्या अंकाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. किर्लोस्करांनी १८८० च्या ३१ ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवसांतच, पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. पुढे १९०५ मध्ये बालगंधर्व शकुंतलेच्याच भूमिकेतून लोकांपुढे आले. तेव्हापासून ती आपल्या घरचीच मुलगी होऊन बसली आहे. मारीचाचा आश्रम, सिंहाच्या छाव्याचे दात मोजणारा सर्वदमन, जमिनीवर पडलेला ताईत, एकवेणी शकुंतला. पण घटनांचा क्रम नीट पाहा, कारण सगळे त्यातच आहे.

राजा तिच्या पायांवर पडतो. ती त्याला उठवते आणि म्हणते, माझेच काही पूर्वीचे कर्म आड आले असेल. तो तिच्या पापणीवरचा अश्रू पुसतो. त्या दिवशी तो याच्या डोळ्यांपुढे असून याने पाहिला नव्हता. तेवढ्यात तिला त्याच्या बोटातली अंगठी दिसते. राजा म्हणतो, हिच्यामुळेच आठवण आली. वेलीने आपले फूल पुन्हा धारण करावे. आणि शकुंतला म्हणते: नको. माझा तिच्यावर विश्वास नाही. आर्यपुत्रांनीच ती घालावी.

मग, त्यानंतर, मारीचऋषी दोघांना शापाची हकीकत सांगतात. राजा सुटकेचा श्वास टाकतो, मी निंदेतून सुटलो म्हणतो. शकुंतला म्हणते, बरे झाले, यांनी मला अकारण टाकले नव्हते. पण मला शाप झाल्याचे काही आठवत नाही!

म्हणजे तिने त्याला उठवले, तेव्हा तिला शाप ठाऊक नव्हता. तिच्या दृष्टीने समोर उभा होता तो व्यासांचाच दुष्यंत, दरबारात नाकारणारा, कोकिळेचा दाखला देणारा. त्याला कोणतीही सबब मिळण्यापूर्वी तिने त्याला क्षमा केली, आणि अंगठी मात्र नाकारली. क्षमा करणे आणि पूर्वीसारखे होणे या दोन गोष्टी आहेत, हे तिला कळले होते. आपण त्या नेहमी एक समजतो. क्षमा मिळाली की अंगठीही जागच्या जागी जावी, अशी आपली अपेक्षा असते. आणि समोरचा माणूस अंगठी घेत नाही तर त्याने मनापासून क्षमा केलीच नाही, म्हणून आपण रुसतो.

शिवाय ते शेवटचे ‘आठवत नाही’! दारात आलेल्या अतिथीला तीही विसरली होती. तिला ते ठाऊकदेखील नाही. आपण कोणाच्या लेखी दुष्यंत आहोत हे आपल्याला कधीच पुरते कळत नसावे.

त्या दिवाळीत मी पावती घेऊन साताऱ्याला गेलो. सराफाचे दुकान केव्हाच बंद झाले होते, तेथे सायकलींचे दुकान होते. माशाच्या पोटातून अंगठी परत येते ती नाटकात. मी दुसऱ्या पेढीवरून तेवढ्याच वजनाची नवी अंगठी घेतली आणि भाऊबिजेच्या दिवशी सकाळी गावी पोहोचलो. आत्या तेव्हा सत्तरीला आली होती. ओसरीवर बसून वाती वळत होती. मी तिच्या पुढ्यात डबी ठेवली, पावती ठेवली आणि म्हटले, “आत्या, मी विसरलो होतो.”

“ठाऊक आहे की,” ती म्हणाली.

“मग तू एकदाही कसं विचारलं नाहीस?”

तिने याचे उत्तर दिले नाही. चष्मा लावला, अंगठी उजेडाकडे धरून फिरवून फिरवून पाहिली, आतल्या बाजूने बोट फिरवले, जणू तेथे काही कोरलेले असायला हवे होते. पावतीची घडी मात्र तिने लगेच केली आणि कनवटीला लावली.

“चांगली आहे रे,” ती म्हणाली. “पण ही ती नव्हे. तुझ्या मुलीला होईल, ने. ऊठ, पाय धू. अनारसे केलेत, ते खाऊन मगच जा.”